निरोप न गेलेली बोट

बाबा, तुम्ही समुद्रातून परत आला नाहीत त्याला इतकी वर्षं झाली, की माझं काम तुम्हाला पहिल्यापासून सांगावं लागेल. मी बंदरावरच्या मच्छीमार सोसायटीत कॉम्प्युटरवर बसते. वारा बिघडणार असला की बाहेरच्या बोटींना फोनवर निरोप जातो, तो प्रोग्राम मीच लिहिला आहे. तो यादीतून एकेक बोट बघत पुढे जातो. बोट बंदरात आली असेल तर तिचं नाव यादीतून काढून टाकतो, नसेल तर निरोप पाठवतो.

परवा दुपारी दक्षिणेचा वारा सुटला. पडद्यावर काम पूर्ण झाल्याचं आलं. बाहेर गेलेली एक बोट चालवणाऱ्या तांडेलाची बायको दारात येऊन म्हणाली, "गेला ना गो निरोप? माझं तर तो ऐकत नाही, तुझ्या मशिनीचं तरी ऐकेल." मी हसून हो म्हटलं. ती गेल्यावर गेलेले निरोप सहज पाहिले. त्यात तिच्या नवऱ्याची बोट नव्हती.

यादीत तिच्या वरची बोट बंदरात आलेली होती. प्रोग्रामने ती काढली, तशा खालच्या सगळ्या एकेक जागा वर सरकल्या, आणि तो मात्र पुढच्या जागेवर गेला. वर आलेली बोट त्याने पाहिलीच नाही.

मला आपलं अंगण दिसलं. जाळं पसरलेलं आहे. मी दिसेल ते भोक शिवत निघाले आहे, शिवताना जाळं ओढलं जातं आणि पुढचं भोक माझ्या मांडीखाली जातं. तुम्ही हातातली सुई काढून घेता. "आधी पुरतं बघ गो. भोक दिसेल तिथे खुणेला चिंधी बांधत जा. शिवायचं मागाहून." केवढा राग आला होता मला.

तांडेलाचा फोन लागेना. त्याची बायको बाहेर कोळंबी निवडत बायकांशी हसत बोलत होती, कारण मी हो म्हटलं होतं. शेवटी जाऊन सांगितलं. तिने टोपली बाजूला सारली आणि समुद्राकडे तोंड करून बसली.

दिवस मावळता मावळता बोट आली. आभाळ बघून तो स्वतःच फिरला होता. आता प्रोग्राम आधी सगळी यादी वाचतो, नावं नंतर काढतो. तरी वारा वाढला की गेलेले निरोप मी यादीशी एकेक ताडून बघते.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणूनच लिहिते. त्या संध्याकाळी बोटीवरची सगळी माणसं उतरून गेली, तरी अजून एक जण उतरेल म्हणून मी धक्क्यावर उभी राहून बोटीत बघत होते.