व्हिडिओ गेममधला जाणकार

४ फेब्रुवारी १९९६
व्हिडिओ गेमचं इंग्रजी मासिक आलं. इंदापूर स्टँडवरच्या स्टॉलवर पुण्याहून एकच कॉपी येते, ती माझी. इतक्या वर्षांत एक अंक चुकवला नाही. व्हिडिओ गेममधलं अख्ख्या तालुक्यात माझ्याइतकं कुणाला कळत नसणार. घरी गेम नाही, हा मुद्दा गौण. खेळणारे ढीगभर असतात, जाणकार एखादाच.
आबा म्हणाले, वाचून काय उजेड पाडलास. दुर्लक्ष केलं.

११ फेब्रुवारी
साखरबाई मावशीनं बारामतीचं स्थळ आणलं. मोहनरावांची अनिता, बी.कॉम. त्यांच्या घरी टीव्हीला जोडायचा गेम हाय आणि पोरगी त्याच्यापुढनं उठत न्हाय म्हणे. मावशीनं तिथं सांगून टाकलंय, आमचा महिपती त्यातला मास्तर हाय. खोटं काय आहे त्यात?
फोटो बघितला. लग्न करीन तर हिच्याशीच.

१२ फेब्रुवारी
संकल्प : रोज सराव. त्यांच्याकडच्या गेमचा पूर्ण नकाशा दिवाळीच्या अंकात आलाय. साबणाच्या खोक्यावर पेननं बटणं काढली. डावा अंगठा चालायला, उजवा उडीला. दुपारभर खेळलो, एकदाही मेलो नाही.

१५ फेब्रुवारी
सराव बंद. गरजच नाही. धाकटा दत्तोबा खोकं बघून खो खो हसला. ट्रॅक्टर चालवणाऱ्याला काय कळणार! मुलगी बघायला त्याला बरोबर न्यायचं ठरवलं. मावशी म्हणाली, बघायला जाताना धाकट्या भावाला कुणी नेतं व्हय रं? मी म्हणालो, नेतो. शेजारी मी उठून दिसेन.

१८ फेब्रुवारी
कार्यक्रम झाला. पोह्यांनंतर मोहनराव म्हणाले, घ्या जावईबापू, एक डाव. जावईबापू! रिमोट हातात घेऊन आधी सगळ्यांना पुढं काय काय येणार ते नीट समजावून सांगितलं. बराच वेळ सांगितलं. मग सुरू केलं. पहिल्याच खड्ड्यात पडलो. परत सुरू केलं, परत तोच खड्डा. तिसऱ्यांदाही तोच. दारातल्या बायका फिदीफिदी हसल्या. अनिता म्हणाली, अहो, तितं उडी मारायची असती. ते मला माहीत होतं.
मग तिनं रिमोट दत्तोबाला दिला. एक ओळ न वाचलेलं गाढव, धडाधड पुढं गेलं. ती टाळ्या वाजवत होती. वळण चांगलं आहे पोरीचं, पाहुण्याचा मान राखते.
एकूण इम्प्रेशन उत्तम.

२१ फेब्रुवारी
आई म्हणाली, आपण बघायला गेलतो, पण त्यांनीच बघून घेतलं. आईला गेममधलं काही कळत नाही. लग्नानंतर अनिताला पद्धतशीर शिकवायला लागेल. बेस कच्चा आहे तिचा.

२५ फेब्रुवारी
होकार आला. दत्तोबाला.
पोरगी म्हणे साफ म्हणाली, थोरले नकोत, धाकटे चालतील. थोरल्याआधी धाकट्याचं कसं, म्हणून आई रडायला लागली. आबा म्हणाले, ह्याची वाट बघत बसलो तर धाकटं बी म्हातारं हुईल. मी परवानगी दिली. कुणी मागितली नव्हती. रात्री जेवण गेलं नाही.

१० मार्च
सुपारी फुटली. मी गेलो नाही, ताप होता. खरंच होता. दत्तोबा परत येताना अनिताचा निरोप घेऊन आला. त्याला इंग्रजी येत न्हाय, तर ती स्वतः त्याला वाचून दाखवणार हाय. सगळी मासिकं लग्नाच्या आधी धाडून द्या. भावजींची तर पाठच झाली असतील.
भावजी म्हणाली मला.
पोत्यात भरून दिली. पाठ आहेतच.