रिबिनवाल्या मुंगीला खिडकीपर्यंत पोहोचवणेबाबत

प्रति,
मा. आरोग्य अधिकारी,
नगरपालिका रुग्णालय व फवारणी विभाग

विषय : मुलांच्या वॉर्डात एका दुपारी पंपाशिवाय प्रवेश मिळणेबाबत.
संदर्भ : आपला आदेश, ‘गुरुवारी भिंतीला रंग मारून टाका.’

महोदय,

१. अर्जदार आपल्याच विभागात फवारणी कामगार आहे. ढेकूण, झुरळे, डास यांपैकी कोणाचीही त्याने आजवर गय केलेली नाही, हे आपण जाणताच.

२. सदर वॉर्डात खाटांमागच्या भिंतीवर मुंग्यांची रांग आहे. ती तेलखडूने काढलेली आहे. तिथल्या मुलांची रीत अशी, की दाखल झालेल्याने रांगेत आपली मुंगी काढायची. कोणाच्या मुंगीला चष्मा, कोणाच्या पायाला प्लास्टर. घरी जायच्या दिवशी तीच मुंगी त्याने खिडकीच्या चौकटीवर पुन्हा काढायची, म्हणजे मुंगी सुटली. चौकटीवर आता चांगलीच दाटी झाली आहे.

३. रांगेतली दोन रिबिनी बांधलेली मुंगी अर्जदाराच्या मुलीची. “बाबा, तुमचा पंप इकडे आणायचा नाही हं,” असे तिने बजावले होते आणि अर्जदाराने तसा शब्द दिला होता. पुढे अर्जदाराने तिला घरी आणले, पण चौकटीवर मुंगी काढायला ती राहिली नव्हती.

४. त्यानंतर कोणा नातेवाइकाने, चष्मा घरी विसरल्यामुळे असेल, वॉर्डात मुंग्या झाल्याची तक्रार केली. फवारणीला अर्जदारालाच धाडले. ती चित्रे आहेत असे त्याने मुकादमांना सांगितले. “आदेशात मुंग्या म्हटलंय ना? मार आणि मोकळा हो,” असे उत्तर मिळाले. अर्जदाराने टाकीत साधे पाणी भरून फवारले. “गेल्या का मुंग्या?” असे मुकादमांनी विचारल्यावर ‘गेल्या’ म्हटले असते तर प्रकरण तिथेच मिटले असते. पण तो शब्द अर्जदाराच्या तोंडून फुटेना. “आहेत,” तो म्हणाला. पुन्हा आदेश, पुन्हा पाणी, पुन्हा तेच उत्तर. शेवटी भिंतीला ओल धरली आणि आपण रंगाचा आदेश काढलात. हे सारे स्वतःच्याच एका शब्दापायी झाले, याने अर्जदाराचा जीव जळतो.

५. रंगकाम थांबवावे असे मागणे नाही. चौकटीला रंग लागणार नाही, असे रंगारी म्हणतो. म्हणजे सुटलेल्या मुंग्या राहतील आणि रिबिनवाली तेवढी पुसली जाईल. वास्तविक ज्याची मुंगी त्यानेच काढायची असते. पण फवारणीसाठी व्हरांड्यात काढलेली मुले परवा म्हणाली, “काका, तिची तुम्ही काढा ना. आम्ही जागा ठेवलीये.”

६. अडचण एवढीच, की अर्जदाराचे आता तिथे कोणी दाखल नाही. त्यामुळे पाठीवर पंप असल्याशिवाय रखवालदार त्याला आत सोडत नाही. तरी बुधवारी दुपारी त्याला रिकाम्या पाठीने आत जाऊ द्यावे. निदान या वेळी तरी मुलीला दिलेला शब्द पाळायचा आहे.

आपल्या विभागाचा कामगार,
रिबिनवाल्या मुंगीचा बाप
(सही)
सोमवार

सोबत : सरावाचा कागद एक. अर्जदाराचा हात चित्राला बसलेला नाही. ती मुंगीच आहे हे ओळखू येते का, तेवढे कृपया कळवावे.