वाहक

ता. ६, सोमवार

चि. भिंगरीस,

आईचा आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. जावईबापूंना विचारलं म्हणून सांग, सासूबाईंना नमस्कार सांग. मी बरी आहे. आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे चार वेळा विचारायला नको.

मुद्द्याचं बोलते. तुझ्या बाळंतपणाला मला यायला जमणार नाही. गुडघा धरलाय. होस्टेलात रजाही मिळत नाही. सासूबाई आहेत तिथे, आणि त्यांना सगळं येतं. 'तुझ्या हातचं खायचे डोहाळे लागलेत' असं तू लिहिलंयस. डोहाळे काही पत्राने पुरवता येत नाहीत. ताटात पडेल ते खा आणि दुपारची पडून राहत जा.

इकडची खबर म्हणजे होस्टेलातल्या मुली तापाने पडल्या. एक झाली, दुसरी झाली, मग मजलाच आडवा झाला. टायफॉईड. पालिकेचे आरोग्यवाले आले. टाकीत उतरले, दुधाचा नमुना नेला, फ्रिजमध्ये काडी खुपसून बघितली. त्यांच्यातला एक पोरगेला निरीक्षक डोक्यावर जाळीची टोपी घालून आला होता. त्याने माझं ओटा पुसायचं फडकं दोन बोटांत धरून उचललं, उंदीर उचलावा तसं. हे कधीपासून वापरता, असं विचारलं. तुमच्या वयापेक्षा कमीच, असं मी सांगितलं. रेक्टरबाईंनी मला कोपर मारलं.

मग आम्हा स्वयंपाकघरातल्या सगळ्यांना एकेक डबी दिली आणि 'सकाळचं आणून द्या' म्हणाले. सकाळचं काय, नाश्ता का, असं मी विचारलं. भाजी चिरणारीला कळलं होतं, ती पदर तोंडात धरून हसत सुटली. कसली ती डबी, काय तो प्रकार. असो.

पाणी चांगलं निघालं. दूधही चांगलं निघालं. सध्या मी चादरींच्या खोलीत आहे. घड्या घालायच्या, कपाटात रचायच्या. बसून काम आहे, गुडघ्याला बरं पडतं.

जड उचलू नकोस.

आई


ता. २१, मंगळवार

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. तुझं दोन ओळींचं पत्र आलं. चादरींच्या खोलीत कशाला, कुणाशी भांडलीस का, आणि गुडघा कुठला, डावा की उजवा. वर आणि, मी नको असेन तर तसं लिही.

मागच्या पत्रात कुठला गुडघा लिहिला होता ते मला आठवेना. दोन्ही बरे आहेत. आणि तू नकोस असं नाही.

आता नीट बसून वाच. मध्ये उठू नकोस. म्हणूनच फोन केला नाही, फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस.

डब्यांचे रिपोर्ट आले त्या दिवशी मला एकटीलाच पालिकेच्या दवाखान्यात बोलावलं. डॉक्टरीण तुझ्याच वयाची आहे. मला मावशी म्हणते, खुर्ची देते. दार लावून घेतलं तिने, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

ती म्हणाली, "मावशी, रिपोर्ट आलाय. तुम्ही वाहक आहात."

मी म्हटलं, "मी स्वयंपाकीण आहे. वाहक माझा नवरा होता."

ती खुर्चीत पुढे सरकली, पेन उघडलं. "कधीपासून?"

"लग्नाच्या आधीपासून."

"तपासणी कुणी केली होती?"

"डेपो मॅनेजरने."

मग तिला उमगलं. बसमधला वाहक. हसली बिचारी, मग मीही हसले. हसू ओसरल्यावर तिने विचारलं, "ते कशाने गेले?"

मी म्हटलं, हृदय थांबून. खोटं नाही ते. शेवटी सगळ्यांचं तेच होतं. तिने लिहून घेतलं.

मग तिने मला समजावलं. टायफॉईडच्या जंतूंनी माझ्या पोटात, पित्ताच्या पिशवीत बिऱ्हाड केलंय. मला ना ताप ना कळ. ते माझ्याबरोबर हिंडतात, कपाळकरंट्या माझ्या हाताला लागतात आणि तिथून भातात उतरतात. बाकीचे आजारी पडतात आणि मी धडधाकट उभी. बसमध्ये नाही का, माणसं कुठून कुठे जातात आणि वाहक दारातच. असे किती काळ असतात ते पोटात, मी विचारलं. वर्षानुवर्षं असू शकतात म्हणाली. अन्नाला हात लावायचा नाही, असा पालिकेचा हुकूम आहे. गोळ्या सुरू केल्यात. त्या संपल्या की पुन्हा डबी, पुन्हा डबी. सगळ्या स्वच्छ निघाल्या तर ओट्यापाशी उभं राहता येईल. नाही निघाल्या तर पिशवी कापून काढायची का, ते मोठ्या डॉक्टरांना विचारतील.

घरी आले, एकटीपुरता भात टाकला, आणि खाताना चमचा हातात तसाच राहिला.

तुझे बाबा बाहेरचं खात नसत. डेपोत त्यांची टिंगल व्हायची, याला बायकोने डब्याला बांधून ठेवलंय म्हणून. चहासुद्धा घरून न्यायचे. त्यांना ताप भरला तेव्हा मी डेपोच्या टाकीला बोल लावला, तूही लावलास. ते मात्र तापातसुद्धा म्हणत होते, टाकीचं पाणी मी पीतच नाही. आपल्याला वाटलं, बरळतायत.

शेवटी शेवटी चमचा तोंडात जाईना. मग मी पेज बोटाने चाटवली. तू पायथ्याशी बसली होतीस. आठवत असेल तुला.

मला रडू आलेलं नाही. वाट बघितली. एवढी वर्षं उकळती पातेली उघड्या हाताने उतरवली, आता बोटांना चटका कळत नाही. तसंच काहीसं आत झालंय. चादरी मोजते, घड्या घालते, कडेला कड लावते. भाजी चिरणारी आता माझ्या जागी उभी असते. खिडकीतून विचारते, मीठ किती टाकू गं. मी बोटांनी खूण करते आणि हात मागे घेते.

परवा वरच्या मजल्यावरची एक मुलगी चादर न्यायला आली. तापातून उठलेली. केस गेलेत तिचे, रुमाल बांधला होता. मुलींना काही सांगितलेलं नाही, रेक्टरबाईंनी नाव गुप्त ठेवलंय. ती म्हणाली, मावशी, स्वयंपाकघरात परत कधी येताय, तुमच्या हातचा भात आठवतो. तिला काय सांगू. दोन चादरी दिल्या. एकच मिळते खरं तर.

त्या रुमालावरून मला तुझे केस डोळ्यापुढे यायला लागले. म्हणून काल पुन्हा दवाखान्यात गेले. डॉक्टरणीला सांगितलं, नवरा हृदयाने नाही, टायफॉईडनेच गेला. पेन खाली ठेवलं तिने. म्हणाली, मावशी, त्यांना तो तुमच्याकडूनच झाला असं आज कुणीच सांगू शकत नाही.

मी विचारलं, "नाही झाला, असं कुणी सांगू शकतं का?"

तिने पाण्याचा पेला पुढे केला. तो मी नळावर धुऊन परत ठेवला.

आता तुझ्यासाठी. तू माझ्याच हातचं खाऊन मोठी झालीस. म्हणून तिथल्या दवाखान्यात जा आणि सांग की आई वाहक आहे. याच शब्दात सांग, त्यांना कळेल. डबी देतील, लाजू नकोस. बाळ यायच्या आत हे झालं पाहिजे. उद्या म्हणजे उद्या. सासूबाईंना काय सांगायचं ते तू बघ. मला विचारशील तर खरं सांग, त्या तोंडाने फटकळ आहेत पण वाईट नाहीत. मी ओळखते फटकळ बायका.

बाळाला घेता येईल का, हेही विचारून आले. साबणाने हात चांगले धुऊन घ्या, खुशाल घ्या, म्हणाली. चांगले म्हणजे किती, तर म्हणाली, चांगले म्हणजे चांगले. घरी धुऊन धुऊन बोटांची सालं निघालीत, तरी मला पुरेसे वाटत नाहीत. तिला वाटतात.

तू ये म्हणालीस तर येईन. चादरींच्या खोलीला रजा मिळते. पण स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत पाय टाकणार नाही. तुमच्यासाठी पाणीसुद्धा भरणार नाही. बाहेर बसेन, लंगोट वाळत घालेन, घड्या घालेन, आता त्यात माझा हात बसलाय. जेवायच्या वेळेला तू मला वाढ. तुझ्या हातचं मी कधी बसून खाल्लंच नाही, तू ओट्यापाशी आलीस की मीच तुला हुसकायची, सांडशील म्हणून.

नको म्हणालीस तरी मला समजेल. नीट विचार कर. बाबांचा विचार करून ठरव, माझा नको.

पत्र वाचून झालं की आधी हात धू. साबणाने. रडायचं असेल तर त्यानंतर.

आई