झोपड्या मोडा, असं मी म्हणालो

आई,

सांगलीचा बाजार पुन्हा उभा राहिला आहे. प्लेगच्या धास्तीने सारं गाव माळावर झोपड्या घालून राहिलं होतं, तेव्हा हळदपेठेत कुत्रंही फिरकत नव्हतं. आता पोत्यांच्या गाड्यांतून वाट काढावी लागते, आणि संस्थानचे अधिकारी सांगतात की दिवस पालटले. त्यांच्याआधी ते मीच सांगितलं. माळावर एका बैलगाडीवर उभा राहून ओरडलो, "भीतीच्या या झोपड्या मोडा! पेठ तुमची वाट पाहते आहे!" टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी लोकांनी खरोखरच झोपड्या मोडल्या, लाकडी मेढी चुलीत घातल्या, बांबूचे तट्टे विकले आणि संसार डोक्यावर घेऊन गावात आले. तोवर परगावचे व्यापारी खोल्या शोधत फिरू लागले होते. घरमालकांनी भाडी अशी चढवली की जुन्या भाडेकरूने दारातूनच परतावं. इतकी पुस्तकं वाचली मी. बाजार चढला की आधी गरिबाचं छप्पर जातं, हे त्यांत नव्हतं का? असेल. टाळ्यांपुढे मला ते आठवलं नाही.

तुझी ती आटपाडीकडची मैत्रीण, वखारीत हळकुंडं निवडणारी, आता पुरती म्हातारी झाली आहे. मागच्या प्लेगात तुझ्या झोपडीकडे सख्खे फिरकले नाहीत, तेव्हा तीन दिवस तुझ्या तोंडात पाणी घालणारी तीच. मी बांधापलीकडे उभा असायचो. ती मला जवळ येऊ देत नसे. काल दुपारी ती घाटाच्या पायरीवर बसलेली दिसली, शेजारी बोचकी आणि दिवस भरत आलेली सून.

"भाषण लय ग्वाड केलंस रं लेका," ती म्हणाली. "आता त्याच्याखाली निजू व्हय आमी?"

आसपासच्या बाया हसल्या. मी म्हणालो, पुन्हा झोपडी घालू.

"कशाची? मेढी तूच जाळाय लावल्यास न्हवं? आन् हिचं पोट थांबतंय व्हय तवर?"

आज सकाळपासून त्या दोघींसाठी खोली मागत अकरा दारं हिंडलो. सगळे आदराने बसवतात, चहा देतात आणि नाही म्हणतात.

तुला वाचता येत नव्हतं. पत्र तू कुणाकडून तरी वाचून घेतलं असतंस, म्हणून तू असतीस तरी हे मी पाठवलं नसतं. माझ्या खोलीत आणखी दोन माणसांची जागा आहे, आई. भाषणानंतर माझा घरमालक खोलीवर आला होता. म्हणाला, तुमच्यामुळे गाव परतलं, तुमचं भाडं तेच राहील, फक्त खोलीत आणखी कुणाला आणू नका.

मी बरं म्हणालो.