ओलं वॉर्निश

शनिवार, ६ जून. स्प्लिट

ही कप्तानाची टोपी मला केवढ्याला पडली? वडिलांची ऑलिव्हची बाग गेली, खाणावळीत उभं राहून दोन्ही गुडघे गेले, आणि वाटणीवरून सख्खा भाऊ बोलेनासा झाला. टोपी तशी फुकटच. तिच्याखाली जहाज घ्यावं लागलं, एवढंच. छोटंसं, लेकीच्या नावाचं: ‘तोन्का’. आज पहिली सफर. पाहुणे बहुतेक जर्मन, गुलाबी आणि भुकेले.

पुढच्या शनिवारी याच धक्क्यावर परत उतरायचं, आणि मागच्याच चर्चमध्ये तोन्काचा हात नवऱ्यामुलाच्या हातात द्यायचा. ती म्हणाली, बाबा, उशीर केलात तर जन्मात बोलणार नाही. मी म्हटलं, पोरी, तुझा बाप धक्क्याला लागूनच असतो.

असतोच. आमची बंदरं इवलीशी, जहाजं उदंड. म्हणून ती एकमेकांना खेटून बांधायची, आणि बाहेरच्यांनी आतल्यांच्या डेकवरून चालत किनारा गाठायचा. पण सगळ्या बंदरांतल्या साहेबांच्या बायकांची नावं मला पाठ आहेत, आणि साहेबांना माझी ब्रँडी. या शिमे पेरिचिचला कुणाचा डेक ओलांडावा लागत नाही!

रविवार, ७ जून. माकार्स्का

धक्क्याला लागूनच जागा मिळाली. दुपारी बाहेरच्या बाजूला म्हाताऱ्या येरोलिमनं आपलं जुनं लाकडी जहाज आणून बांधलं. टोपी हातात घेऊन म्हणाला, बायकोच्या छातीत कळ येतेय, डॉक्टर धक्क्यावर उभा आहे, वाट द्या. इकडे माझे पाहुणे जेवायला बसलेले, मासळी नुकती वाढलेली. कण्हणारी बाई त्यांच्या ताटांपुढून नेऊ कशी? मी डेकच्या वाटेवर साखळी लावली आणि काका म्हणावं तसं गोडीत सांगितलं, बार्बा, वॉर्निश ओलं आहे, जरा थांबा. ते वाळून दोन दिवस झाले होते.

माझा खलाशी याकोव्ह पुटपुटला, कप्तान, डेकवरची वाट कुणी कुणाची अडवत नाही. मी म्हटलं, तुला दाढी फुटली की शिकव.

येरोलिम भांडला नाही. म्हणाला, बरं, वाळू दे. आम्ही थांबतो.

कॉफी झाल्यावर मी साखळी काढली. तोवर डॉक्टरचं काही काम उरलं नव्हतं.

मंगळवार, ९ जून. कोर्चुला

बंदरातला साहेब ओशाळून म्हणाला, धक्क्याची जागा आत्ताच गेली हो. मध्ये एक जहाज. जन्मात पहिल्यांदा दुसऱ्याचा डेक ओलांडला. त्यांचे पाहुणे जेवत होते. माझ्याकडे कुणी मान वर करून पाहिलं नाही. असो. ब्रँडी परत आणली.

गुरुवार, ११ जून. ह्वार

याकोव्ह म्हणाला, मध्ये दोनच जहाजं. दोन ओलांडली. पुढे तिसरं. त्यापुढेही होतं. प्रत्येक डेकवर तेच टेबल, तीच मासळी, खाली घातलेल्या माना. मी मागे फिरलो.

पाठोपाठ याकोव्ह गावातून गरम पाव घेऊन आला. हसून म्हणाला, ब्रँडी साहेबाला द्यायची होती, कप्तान, की स्वतःच प्यायची?

माझे पाहुणे आरामात गेले-आले. कुणालाच काही वेगळं दिसलं नाही.

शुक्रवार, १२ जून. व्हिस

याकोव्हची बाही घट्ट धरून निघालो. एक डेक, दुसरा — हातात बाही नाही. मग तो धक्क्यावरून ओरडला, कप्तान, या ना, दोन पावलं तर आहेत!

माझे कान तिखट. किनाऱ्यावर कुणीतरी आइस्क्रीमचा कप खरवडत होतं, तेसुद्धा ऐकू येत होतं. म्हणजे किनारा आहे. दिसला मात्र नाही.

उद्या पोचलो पाहिजे. तोन्का —

शनिवार, १३ जून. स्प्लिट

पाहुणे बॅगा घेऊन उतरले. याकोव्हही. मी सूट घालून मागोमाग. वही खिशात.

डेकमागून डेक. तीच मासळी —

पाण्यात उडी टाकून पोहत जाईन म्हटलं. पण जहाजांमध्ये फटच नाही. लाकडावर लाकूड घासतंय —

मागे वळलो. ‘तोन्का’ सापडत नाही.

चर्चची घंटा.

पोरीचा आवाज ऐकला. विचारत होती, बाबा कुठायत? याकोव्ह म्हणाला, जहाजावरच असतील, ताई. ती म्हणाली, राहू देत तिथेच. मग वाजंत्री लागली —

इथे साखळी आहे. पलीकडे येरोलिम, टोपी हातात. मागे खुर्चीत त्याची बायको, छाती दाबून, अजून डॉक्टरची वाट बघतेय. मी हात जोडले. बार्बा, लेकीचं लग्न आहे, वाट द्या. तो गोडीत म्हणाला, वॉर्निश ओलं आहे, जरा —

वाजंत्री लांब चाललीय. ओरडतोय मी, पण —

इथून धक्का दिसत नाही