बुंदी जिथं झोपते

६ नोव्हेंबर
पिसू चावली. पोटरीवर ओळीनं गांध्या उठल्यात. बराच वेळ खाजवत बसले. किरण गेल्यापासून अंगाला काही जाणवतच नाही – चहा गरम की गार, तेही कळत नाही. हे मात्र कळलं.

बुंदीला मांडीवर घेऊन तिचे केस उलटे केले. खाली काळी पूड, कानामागे फुगलेली गोचीड. मांजर किरणचं. मी कधी लाड केले नाहीत. नवऱ्याचं मांजर; तो असता तर त्यानंच बघितलं असतं. आता मी.

८ नोव्हेंबर
हिरामण भावजींनी गोठ्यातली औषधाची बाटली आणून दिली. "बैलांना हेच लावतो, वहिनी. दोन थेंब चोळा, साफ." फळीवर ठेवून दिली. चोळायचा कंटाळा आला.

१० नोव्हेंबर
बुंदीला टोपलीत घालून, वर फडकं बांधून कर्जतला नेलं. रिक्षाभर ओरडत होती. बाटलीचं सांगताच डॉक्टरबाई ताठ झाल्या. "गुरांचं, कुत्र्यांचं औषध मांजराला कधी लावू नका. अंग चाटते ती. झटके येऊन मरेल." गोचीड चिमट्यानं काढली. मानेवर, जीभ पोचत नाही तिथं, मांजरांचं औषध सोडलं. आणि म्हणाल्या – ती जिथं जिथं झोपते ते सगळं कढत पाण्यात घाला. पिसवांची अंडी तिथंच असतात.

माझ्या कंटाळ्यानं वाचली म्हणायची! हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

११ नोव्हेंबर
गोधड्या, अभ्रे, पोती, सगळं धुतलं. किरणचं काही धुवायला नव्हतंच. तेराव्यालाच सासूबाईंनी त्याचे कपडे वाटून टाकले. "गेलेल्याचं घरात ठेवू नाय. जीव घुटमळतो." मी एक शर्ट मागितला होता. "नाय," एवढंच.

त्यांची वळकटी धुवायला ओढली तर हातातून काढून घेतली. "माज्या खोलीत मांजर येत नाय."

१७ नोव्हेंबर
पुन्हा पिसवा. डॉक्टरबाई फोनवर म्हणाल्या, "एखादं अंथरूण राहिलंय तुमचं." काही राहिलेलं नाही.

२० नोव्हेंबर
भावजींच्या धाकट्या मुलीच्या अंगभर गांध्या. भावजी म्हणाले, "रविवारी बुंदीला पोत्यात घालतो नि कशेळ्याला सोडून येतो. बाजारात पोट भरंल तिचं." सासूबाई उठून आपल्या खोलीत गेल्या. किरणचं म्हणून या घरात एवढं एक मांजर उरलंय. हे मला माहीत होतं, तरी तोंडातून शब्द फुटला नाही. स्वतःचा राग आला. तोही थोडासाच.

२३ नोव्हेंबर, रविवार
भावजींनी बुंदीला पोत्यात घातलं. सुतळी बांधणार तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "थांब रं."

आत गेल्या. वळकटी सोडून किरणचा स्वेटर घेऊन आल्या – लोकरीचा, तपकिरी, थंडीत पहाटे कामावर जाताना घालायचा तो. बुंदीच्या केसांनी भरलेला. "ह्याच्यावर निजते ती. माज्याजवळ. ह्ये राह्यलंय धुवायचं."

भावजींनी पोतं उघडलं.

मी चुलीवर पाणी ठेवलं. "वास जाईल गं त्याचा," म्हणाल्या, आणि आपल्या हातानं स्वेटर कढत पाण्यात सोडला. वाफ आली. वाफेत किरण होता – घाम, खोबरेल तेल. वाफ विरेपर्यंत आम्ही दोघी तिथंच उभ्या होतो. मला शर्ट दिला नाही याचा राग यायला हवा होता, पण आला नाही.

२५ नोव्हेंबर
स्वेटर वाळला. कढत पाण्यानं आटून एवढासा झालाय. सासूबाईंनी बाह्या धरून तो समोर उभा केला. "पयलीत एवढाच व्हता माजा."

मला रडू आलं. तो गेल्यापासून पहिल्यांदा.