डावी नाकपुडी

नारिनजवळ, १२ एप्रिल १९८४

चि. कानिशाय हिस,
तुझ्या थोरल्या बहिणीचे, सोनुनबू एजेचे अ. आ. वि. वि.

तुझं पत्र आणि जर्दाळूंची पिशवी, दोन्ही पोचलं. अर्धे जर्दाळू तुझ्या लाडक्या भाच्याने, एर्मेकने, येता येताच फस्त केले. ते मी माफ केलं असतं. पण त्याने दुसरं काय केलंय ते ऐक, आणि निदान तू तरी माझी बाजू घे.

कोल्खोजच्या सामुदायिक शेतीवर त्याला यंदा घोड्यांच्या कळपांचा मुकादम केलंय. मुकादम झाल्या झाल्या साहेबांनी पहिलं काम काय केलं, तर उन्हाळ्यात वर डोंगरातल्या कुरणावर, जाइलोवर, जाणाऱ्यांतून स्वतःच्या आईचं नाव खोडलं! माझ्या दुभत्या घोड्यांची धार आता दुसरीच कुणी काढणार, आणि मी गावात बसून मोजे विणायचे. कारण काय, तर गेल्या साली वर तंबूत झोपेत माझा श्वास अडकायचा, मी दचकून उठायचे आणि शेजारच्या तंबूतली झिनागुल घाबरून धावत यायची. गावच्या कंपाउंडरने माझ्याकडे नुसतं पाहूनच सांगितलं की वय झालं, हृदय थकलं, आता उंची सोसायची नाही. मला उंची सोसत नाही! अगं, आईने मला त्या कुरणावरच जन्म दिला. खाली गावात उतरले की माझं डोकं दुखतं.

तर मी कुणाला न सांगता दुधाच्या ट्रकमध्ये बसले आणि थेट नारिनच्या इस्पितळात गेले. तिथे डॉक्टर मिर्गुल म्हणून एक पोरगी आहे. पोरगीच म्हणायची, आपल्या लेकीच्या वयाची. तिने हृदय तपासलं, ते ठणठणीत निघालं. मग कपाळावरचा गोल आरसा डोळ्यावर ओढून नाकात डोकावली. शेवटी एक गार, चकचकीत पत्रा माझ्या नाकाखाली धरला आणि तोंड मिटून श्वास सोडायला सांगितलं. पत्रा माझ्यासमोर धरला तेव्हा उजवीकडे धुक्याचा हा एवढा ठिपका, आणि डावीकडे काही नाही. पत्रा लख्ख कोरडा!

तिने मला सगळं उलगडून सांगितलं. नाकाच्या आत मधोमध एक पडदा असतो, पुढे कुर्चेचा, मागे हाडाचा. तो सरळ असला की दोन्ही वाटा मोकळ्या. माझा डावीकडे कलंडून भिंतीला टेकलाय. कधी मार लागला होता का, असं तिने विचारलं आणि मला हसूच आलं. तुला आठवतं ना, आपल्या चुलत्याच्या लग्नात मुलामुलींच्या घोड्यांचा पाठलाग लागला होता, आणि माझ्या तांबड्या घोडीने मान उडवून माझं तोंड फोडलं होतं? आईने मेंढीची चरबी चोळली, सूज उतरली आणि नाक वाचलं म्हणून सगळे खूष झाले. वाचलं ते बाहेरून. आतून ते तेव्हापासून मोडलेलंच आहे, आणि मी आपली नाकात बाटलीतले थेंब घालून दिवस काढतेय. ती बाटली डॉक्टरने माझ्या खिशातून काढून घेतली. म्हणाली, थेंबांनी घटकाभर वाट उघडते आणि मग आतली सूज आणखी वाढते.

मे महिन्यात ऑपरेशन आहे. आतून वाकडा भाग काढायचा, उरलेला सरळ बसवायचा. बाहेरचं नाक आहे तस्संच राहणार, कुबडासकट. मी हो म्हणून आले आहे.

लोभ ठेव, आणि जर्दाळू दुसऱ्या कुणाच्या तरी हाती पाठव.
तुझी एजे


ओश, २६ एप्रिल १९८४

ती. सोनुनबू एजेस,
कानिशायचा सप्रेम सलाम, वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी नाकात सुरी? एजे, तुला झालंय तरी काय? इतकी वर्षं त्याच नाकाने जगलीस, संसार केलास, मुलं वाढवलीस. आता थोडं सोसलं तर काय बिघडेल?

गावात काय बोलतात ते तुझ्या कानावर नसेल, म्हणून मीच लिहिते. तुझ्या ओस्मोन दिरांची नात इथे शिकते, तिने सांगितलं. सोनुनबू नाक सुंदर करून घ्यायला निघाली आहे, असं गावभर झालंय. दीर तर चहा पिता पिता सगळ्यांसमोर म्हणाले म्हणे, की विधवेला या वयात नवं नाक लागतं म्हणजे नवरदेवही कुठेतरी बघून ठेवला असणार. ऐकून माझीच मान खाली गेली.

तुझं घोरणं म्हणशील तर त्याचा आम्हाला कधी त्रास झाला नाही. लग्न होईपर्यंत मी तुझ्याच गोधडीत झोपले. भावोजी तर म्हणायचे की हिचं घोरणं थांबलं की मला जाग येते, बाई आहे की गेली ते आधी बघावं लागतं. त्या बिचाऱ्यांना आता हे कळलं असतं तर काय म्हणाले असते?

एर्मेकवर रागावू नकोस. तो घाबरलाय. जाइलोवर रात्री बेरात्री तुझं काही झालं तर खालून डॉक्टर यायला दिवस लागतो. हट्ट सोड, उन्हाळाभर माझ्याकडे ये. इथे टरबुजं आहेत, सावली आहे, आणि तुझ्याशी भांडायला मी आहे.

लोभ आहेच, तो या पत्राने कमी करू नकोस.
तुझी कानिशाय


नारिन इस्पितळ, १९ मे १९८४

चि. कानिशाय हिस,
एजेचे अ. आ., आणि थोडा राग, वि. वि.

झालं ऑपरेशन! तू कळवलेल्या नवरदेवाच्या बातमीला उत्तर म्हणून आधी हे सांगते. नाक बाहेरून आहे तस्संच आहे. ओस्मोन दिरांना म्हणावं, नवरदेव पळून गेला, आता तुम्हीच दुसरा शोधा.

भुलीच्या सुया नाकातच दिल्या, मी पूर्ण जागी होते. डोळ्यांवर फडकं होतं. दुखलं नाही, पण ऐकू सगळं येत होतं. आपल्याच डोक्यात कुणीतरी सुकं हाड चावतंय असा कुरकुर आवाज येत होता. डॉक्टर लेकीसारखी मध्येच विचारायची, आपा, ठीक ना? मी म्हटलं, पोरी, तू तुझं काम कर, माझी चौकशी नंतर कर. ती हसली आणि तिचा हात हलला असेल अशी मलाच भीती वाटली.

नंतरचे दोन दिवस मात्र वाईट गेले, खोटं कशाला बोलू. दोन्ही नाकपुड्यांत कापसाचे बोळे गच्च, तोंडाने श्वास घेऊन जीभ चामड्यासारखी झाली. बोळे ओढून काढले तेव्हा वाटलं, आतून आतडीच बाहेर येतात की काय. मी तिला दोन शिव्या दिल्या, तिने त्या हसून घेतल्या. आता मिठाच्या पाण्याने नाक धुवायचं, शिंकरायचं नाही, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही. घोरणं पूर्ण जाईल असं वचन तिने दिलं नाही. तेवढं खरं बोलली म्हणून मला ती जास्त आवडली.

तू लिहिलंस, थोडं सोस. कानिशाय, मी नवऱ्याचं आजारपण सोसलं, पोरांचा ताप सोसला, ओस्मोन दिरांची जीभ तर लग्नापासून सोसतेय. कुणी कधी मला थांबवलं नाही. आणि एवढ्याशा श्वासाची मागणी केली तर सगळ्यांना माझं वय आठवलं! मला सुंदर व्हायचं नाही. मला माझ्या घोड्यांजवळ जायचंय. तिथे झोपेत गुदमरून मेले असते तरी मी बिनतक्रार गेले असते, पण उपाय असताना खाली बसून मोजे विणत मरणार नाही.

एर्मेक भेटायला आला होता. सूप आणलं, पायाशी बसला, पण यादीत नाव घालायचं काही बोलला नाही. म्हणाला, आपा, मला तुझ्या जिवाची भीती वाटते. मी म्हटलं, वाटू दे. डॉक्टरने वर जायला परवानगी दिली की माझ्या स्वतःच्या घोड्यावर बसून जाईन. मुकादमाला अडवायचं असेल तर घाटात उभा राहा म्हणावं.

लोभ वाढव, काळजी आवर.
तुझी एजे


जाइलोवरून, ११ जुलै १९८४

ती. मावशीस,
एर्मेकचा आदरपूर्वक सलाम, वि. वि.

आमची आपा डॉक्टरची परवानगी घेऊन, आणि मुलाची न घेता, वर निघून आली हे तुला कळलंच असेल. काल मी तिला खाली न्यायला ट्रक घेऊन आलो. येताना मोठ्या तोऱ्यात आलो होतो, खोटं का सांगू.

गारा नुकत्याच पडून गेल्या होत्या. भर दुपार, जेवणं झालेली. आपाच्या तंबूशी पोचलो आणि कान लावला. आतून आवाजच येत नव्हता. मावशी, तुला ठाऊक आहे, लहानपणी आम्ही धुक्यात घोडी शोधून परतायचो ते तिच्या घोरण्याच्या आवाजावर. दार उचलून बघतो तर आपा लोकरीच्या नमद्यावर उताणी, तोंड मिटलेलं, हात छातीवर. मी हळूच हाक मारली, पण ती हलली नाही. छाती हलते की नाही तेही दिसेना, डोळ्यांत पाणीच पाणी. मनात एकच आलं, की मी हिच्याशी महिनाभर नीट बोललो नाही.

मग तिने सांगितलेला तो पत्रा आठवला. दुसरं काही सापडेना, म्हणून कमरेची सुरी काढली आणि पातं तिच्या नाकाखाली धरलं. पातं गारठलेलं होतं. त्यावर धुकं उमटलं. एक ठिपका उजवीकडे, एक डावीकडे, दोन्ही सारखे. पुसले गेले आणि पुन्हा आले.

नेमकी तेव्हाच झिनागुल दुधाची बादली घेऊन आत आली. मुलगा आईच्या तोंडावर सुरी धरून रडतोय हे बघून तिने बादली टाकली आणि जी किंकाळी ठोकली, ती दरीपलीकडच्या मेंढपाळांनीही ऐकली. आपा उठली आणि तिने मला अशी थोबाडीत दिली की माझंच नाक वाकडं व्हायचं. मग मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून खूप रडलो, हे तू कुणाला सांगू नकोस.

ट्रक रिकामाच खाली नेतोय. यादीत तिचं नाव सगळ्यात वर लिहिलंय. या कागदावरची खालची जागा आपाने स्वतःसाठी ठेवून घेतली आहे.

तुझा तरी लोभ माझ्यावर असू दे, इथे सध्या कुणाचा नाही.
तुझा एर्मेक

कानिशाय, घोरणं थोडं आहे अजून, झोपेत कूस बदलली की येतं असं झिनागुल म्हणते. येऊ दे. पहाटे धारेला बसते तेव्हा तोंड मिटून श्वास घेते, आणि डावीकडून गार वारा थेट आत जातो. आपण लहान होतो तेव्हापासून तो तसा आला नव्हता. पहिल्या दिवशी मी घोडीच्या पोटाला कपाळ टेकून रडले. मी कुणाला भीत नाही, पण रडले.

मुकादमाला बजावलंय, पुढच्या साली माझं नाव खोडायचं मनात आलं तर आधी सुरी काढायची, माझ्या नाकाखाली धरायची, आणि दोन्ही ठिपके आले नाहीत तरच खोडायचं.

तुझी टरबुजं तशीच राहू देत, तूच वर ये.
तुझी एजे